ताप सारखाच, कारण वेगळं: जिवाणू आणि विषाणू

पावसाळा लागला की दवाखान्यांत तापाचे पेशंट वाढतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुमच्या वर्गातही दोन-चार बाकं रिकामी दिसत असतील. कुणाला डेंग्यू झालेला असतो, कुणाला टायफॉइड, आणि मुंबई-कोकणाकडे साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्या एखाद्याला लेप्टो. तिघांचंही अंग तापतं, डोकं ठणकतं, जेवण जात नाही. घरच्यांना तिन्ही ताप एकसारखेच वाटतात. डॉक्टर मात्र रक्त तपासायला पाठवतात आणि रिपोर्ट पाहून वेगवेगळे उपचार करतात. टायफॉइड आणि लेप्टोच्या पेशंटला अँटिबायोटिक मिळतं. डेंग्यूच्या पेशंटला तापाची गोळी, भरपूर पाणी, आराम, आणि प्लेटलेट कमी होत नाहीत ना हे पाहायला पुन्हा पुन्हा तपासणी. अँटिबायोटिक नाही.

कारण टायफॉइड आणि लेप्टो होतात जिवाणूंमुळे, डेंग्यू होतो विषाणूमुळे. (मलेरिया या दोन्हींत बसत नाही. तो प्लाझमोडियम नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो, तो विषय स्वतंत्र आहे.) रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यांना ‘जंतू’ म्हणून मोकळे होतो. पण या दोघांत फार मोठा फरक आहे, आणि तो समजून घ्यायला एकच प्रश्न पुरतो: जगायला आणि वाढायला जी यंत्रणा लागते, ती याची स्वतःची आहे का?

जिवाणूकडे ती आहे. विषाणूकडे नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

जिवाणू: एकच पेशी, पण पूर्ण

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात अँटनी व्हॅन लेव्हेनहूक नावाचा एक कापड व्यापारी होता. कापडाची वीण तपासायला भिंग लागायचं, त्यातून त्याला भिंगं घासायचा नाद लागला. अडीचशे पटींहून जास्त मोठं दाखवणारी भिंगं त्याने स्वतःच्या हाताने बनवली. १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव हालचाल करत आहेत. १६८३ मध्ये तर त्याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. विद्यापीठाचं शिक्षण नसलेल्या माणसाने जिवाणू पहिल्यांदा पाहिले, हे मला फार मोलाचं वाटतं.

जिवाणूचं सगळं शरीर म्हणजे एकच पेशी. बहुतेक जिवाणूंची लांबी एक ते पाच मायक्रोमीटर असते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. शाळेतल्या चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू ठिपक्यांसारखे किंवा बारीक काड्यांसारखे दिसू शकतात.

या पेशीत आपल्या पेशीसारखं केंद्रक नसतं, डीएनए आत मोकळाच असतो. पण बाकी गरजेचं सगळं असतं. प्रथिनं बनवणारे रायबोसोम असतात. अन्नातून ऊर्जा काढणारी रसायनं असतात. बहुतेकांना बाहेरून एक टणक पेशीभित्तिका असते. ही भिंत आणि हे रायबोसोम, दोन्ही लक्षात ठेवा. औषधांच्या वेळी ते पुन्हा लागणार आहेत.

अन्न, ओलावा आणि ऊब मिळाली की जिवाणू वाढतो आणि मधोमध दुभंगतो. एकाचे दोन, दोनाचे चार. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू उत्तम परिस्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. हिशोब करून पाहा: दहा तासांत ३० वेळा दुप्पट म्हणजे एकापासून १०७ कोटींहून जास्त. प्रत्यक्षात हे फार काळ चालत नाही, कारण अन्न संपतं आणि त्यांनीच बाहेर टाकलेले पदार्थ साचतात. सगळे जिवाणू इतके घाईचेही नसतात. क्षयरोगाचा जिवाणू दुप्पट व्हायला साधारण २० तास घेतो. टीबीची औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, त्यामागे त्याचं हे संथपणही आहे.

जिवाणूंचं काम बघायला प्रयोगशाळा लागत नाही, दही लावलं तरी पुरे. दूध तापवलं की त्यातले बहुतेक जिवाणू मरतात. मग ते बोट घालून सोसेल इतकं कोमट झालं की आई किंवा आजी त्यात चमचाभर विरजण घालते. त्या चमच्यात लॅक्टोबॅसिलस आणि इतर कितीतरी जिवाणू असतात. ते दुधातली लॅक्टोज ही साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. आम्ल वाढलं की दुधातले केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना धरून जाळं तयार करतात, पाणी त्या जाळ्यात अडकतं आणि दूध घट्ट होतं. दही आंबट लागतं ते याच आम्लामुळे. निळा लिटमस त्याला लावून बघा, लाल होईल.

आता दोन वाट्यांत सारखंच कोमट दूध घ्या, दोन्हींत सारखंच विरजण घाला. एक वाटी ओट्यावर झाकून ठेवा, दुसरी लगेच फ्रिजमध्ये. रात्री लावलं तर सकाळी ओट्यावरची वाटी लागलेली असेल, फ्रिजमधलं दूध जवळपास तसंच असेल. मग फ्रिजमधली वाटी बाहेर काढून पुन्हा कोमट करून ठेवा. काही तासांनी तीही लागते. म्हणजे थंडीने जिवाणू मेले नव्हते, फक्त त्यांचं काम मंदावलं होतं. थंडीच्या दिवसांत दह्याचं भांडं फडक्यात का गुंडाळतात, आणि फ्रिजमधलं अन्नही शेवटी का बिघडतं, या दोन्हींचं उत्तर या दोन वाट्यांत आहे.

जिवाणू म्हणजे रोग, असं अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते चूक आहे. माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी असतात आणि जिवाणू साधारण ३८ लाख कोटी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यातले बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात, आपण न पचवू शकलेलं अन्न फोडतात, के जीवनसत्त्व तयार करतात आणि रोगकारक जिवाणूंना जागा मिळू देत नाहीत. शेतात हरभऱ्याचं किंवा भुईमुगाचं झुडूप मुळासकट हळूच उपटलं तर मुळांवर गाठी दिसतात. त्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात आणून देत असतात. रोग करणारे जिवाणू या सगळ्या गोतावळ्यात अगदी थोडे आहेत.

विषाणू: गाळणीतून निसटलेलं काहीतरी

विषाणूचा शोध माणसाच्या आजारातून लागला नाही, तंबाखूच्या पानांवरून लागला. पानांवर फिकट-गडद ठिपक्यांची नक्षी उमटायची आणि पीक जायचं. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने रोगट पानांचा रस चिनी मातीच्या अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला. या गाळणीतून जिवाणू जात नाहीत, हे तेव्हा माहीत होतं. तरीही गाळून आलेल्या स्वच्छ रसाने निरोगी झाडाला रोग झाला. १८९८ मध्ये मार्टिनस बेयेरिंक यांनी त्यावर आणखी काम केलं आणि दाखवलं की रसातली ही गोष्ट वाढते, पण फक्त जिवंत झाडाच्या पेशींतच. नुसत्या रसात किती दिवस ठेवा, ती वाढत नाही. योगायोग असा की बेयेरिंकही डेल्फ्टचेच, जिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी लेव्हेनहूकने जिवाणू पाहिले होते.

विषाणू डोळ्यांना दिसायला मात्र १९३९ उजाडलं, कारण त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. फ्लूचा किंवा कोरोनाचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा, म्हणजे एका मायक्रोमीटरचा दहावा भाग. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये भारतातल्या पेशंटच्या नमुन्यातल्या कोरोना विषाणूचं चित्र टिपलं, तेही अशाच सूक्ष्मदर्शकाने.

विषाणूची रचना थोडक्यात सांगता येते. मध्यभागी डीएनए किंवा आरएनए, दोहोंपैकी एकच. भोवती प्रथिनांचं कवच. काहींना त्यावर मेदाचं आवरण. संपलं. रायबोसोम नाहीत, खाणं नाही, श्वसन नाही, वाढणं नाही. ई. कोलायच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख अक्षरांची माहिती असते. फ्लूच्या विषाणूत ती साधारण साडेतेरा हजार अक्षरांची.

विषाणू म्हणजे पाकिटात घातलेली पाककृतीची चिठ्ठी. चिठ्ठी स्वतः काही रांधत नाही. तिला चूल, भांडी, पीठ-मीठ सगळं दुसऱ्याचं लागतं. पण ती एकदा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोचली आणि तिथल्या माणसांनी ती वाचून कामाला सुरुवात केली, की घरचा स्वयंपाक बाजूला पडतो. आणि त्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं काय, तर अशाच आणखी चिठ्ठ्या आणि पाकिटं तयार करा.

फ्लूच्या बाबतीत हे कसं घडतं ते जवळून पाहू. फ्लू झालेला माणूस शिंकतो, बारीक थेंब तुमच्या नाकात जातात. विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. ते नाका-घशातल्या पेशींवरच्या एका विशिष्ट रेणूला चिकटतं. पेशी त्याला आत ओढून घेते. आत कवच उघडतं आणि विषाणूचे आरएनएचे आठ तुकडे मोकळे होतात. पेशीचे रायबोसोम आता त्या आरएनएच्या सूचनेनुसार विषाणूची प्रथिनं बनवू लागतात, कारण सूचना कुणाची आहे हे रायबोसोमला ओळखता येत नाही. नवे आरएनए आणि नवी प्रथिनं जुळून नवे विषाणू तयार होतात आणि पेशीच्या पडद्यातून बाहेर पडू लागतात. बाहेर पडतानाही ते पेशीच्या पृष्ठभागाला चिकटूनच राहिले असते, पण न्युरामिनिडेज नावाचं दुसरं प्रथिन तो चिकटा तोडतं. हजारो विषाणू शेजारच्या पेशींकडे निघतात आणि मूळ पेशी मरते.

बातम्यांत एच१एन१ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यातला एच म्हणजे चिकटणारं प्रथिन, एन म्हणजे सोडवणारं. दोन वेगळे फ्लू विषाणू एकाच पेशीत शिरले तर आठ तुकड्यांची अदलाबदल होऊन नवाच विषाणू तयार होऊ शकतो. २००९ मध्ये जगभर पसरलेला एच१एन१ अशाच अदलाबदलीतून आला होता.

विषाणू सजीव की निर्जीव, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. पेशीबाहेर तो काहीच करत नाही. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तर तंबाखूच्या विषाणूचे चक्क स्फटिक केले होते, आणि ते विरघळवून झाडाला लावल्यावर पुन्हा रोग झाला. पेशीत शिरला की मात्र तो स्वतःच्या प्रती काढतो आणि काळाबरोबर बदलतो, म्हणजे उत्क्रांतही होतो. म्हणून पुस्तकं त्याला सजीव-निर्जीवांच्या सीमेवर ठेवतात. परीक्षेत तसंच लिहा. मला मात्र त्याला लेबल लावण्यापेक्षा तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण औषध त्यावरच ठरतं.

प्लेग आणि देवी

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला. तो प्लेगच आहे हे मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं. प्लेगचा जिवाणू त्याआधी दोनच वर्षं हाँगकाँगमध्ये सापडला होता. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्याच वर्षी प्लेग पुण्यात होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं.

त्या वेळी कुठल्याही डॉक्टरकडे प्लेगवर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, आणि ते प्लेगवर चालतं. आज प्लेगचं निदान लवकर झालं तर अँटिबायोटिकने तो बरा होतो. सावित्रीबाईंबद्दल वाचताना हे दर वेळी मनात येतं आणि हळहळ वाटते. हे स्ट्रेप्टोमायसिन मिळालं कुठून, तर मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूकडून. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, त्यातला मोठा वाटा याच कुळातल्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनचा असतो.

देवीची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. देवी हा विषाणूचा रोग, आणि तो झाल्यावर बरा करणारं औषध माणसाकडे त्या काळात कधीच नव्हतं. तरी तो जगातून गेला, लसीमुळे. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गायीच्या देवीपासून लस दिली. भारतात ती सर्वप्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचं जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. आजी-आजोबांच्या दंडावर देवी काढल्याची खूण असेल तर जरूर पाहून घ्या. तुमच्या दंडावरची छोटी खूण बहुधा बीसीजीची, म्हणजे टीबी या जिवाणूच्या रोगाविरुद्धच्या लसीची असेल.

लस दोघांवरही चालते, कारण ती जिवाणूला किंवा विषाणूला मारत नाही. ती आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना त्याची आधीच ओळख करून देते. खरा जंतू आला की त्या लगेच प्रतिपिंडं तयार करतात. पहिल्यांदाच गाठ पडली तर याच कामाला काही दिवस लागतात, आणि तेवढ्यात आजार बळावतो.

लाल रेघ

आता जिवाणूची भिंत आणि रायबोसोम आठवा. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन जिवाणूला पेशीभित्तिका नीट बांधू देत नाहीत, त्यामुळे तो फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून आपल्याला धक्का लागत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला अडकून प्रथिनं बनवणं थांबवतं. आपल्या पेशीतले रायबोसोम घडणीने वेगळे असतात, ते सुटतात.

विषाणूला भिंत नाही आणि स्वतःचे रायबोसोमही नाहीत. अँटिबायोटिक धरणार काय? सर्दी, फ्लू, डेंग्यू यांत ते काहीच करत नाही. विषाणूविरोधी औषधं असतात, पण ती एकेका विषाणूच्या एखाद्या खास प्रथिनावर नेम धरून बनवावी लागतात. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे त्या सोडवणाऱ्या न्युरामिनिडेजलाच रोखतं, त्यामुळे नवे विषाणू पेशीला चिकटून राहतात. डेंग्यूवर ते उपयोगाचं नाही.

घरातल्या औषधांच्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या नीट पाहा. काहींवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी ही औषधं, आणि अँटिबायोटिक त्यातच येतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये या लाल रेघेची मोहीमच सुरू केली. ‘मागच्या वेळी याच गोळीने बरं वाटलं होतं’ म्हणून उरलेल्या गोळ्या सर्दीत घेणं आपल्याकडे सर्रास चालतं. सर्दी तर आपोआप आठवड्याभरात जाते, श्रेय गोळीला मिळतं. मधल्या काळात गोळीने आतड्यातले उपयोगी जिवाणू मारलेले असतात. आणि त्यांच्यात एखादा असा असतो की ज्याच्या डीएनएमधल्या बदलामुळे औषध त्याच्यावर चालत नाही. बाकीचे मेल्यावर जागा आणि अन्न सगळं त्याचं. तो वाढतो, आणि प्लास्मिड नावाचे डीएनएचे छोटे गोल तुकडे देऊन शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही ही क्षमता पोचवू शकतो. पुढे खरा गंभीर संसर्ग झाला तर तेच औषध निकामी ठरतं.

एक मात्र सांगायला हवं. फ्लूनंतर कधी कधी फुप्फुसात जिवाणूंचा न्यूमोनिया होतो आणि तेव्हा डॉक्टर अँटिबायोटिक देतात. ते योग्यच असतं. दिलं तर सांगितलेले दिवस पूर्ण घ्यायचं.

शेतात आणि डेअरीत

हा फरक माणसांपुरता नाही. सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबाच्या बागांना तेल्याने फार छळलं आहे. फळांवर आणि पानांवर तेलकट काळपट डाग पडतात, फळ तडकतं. तेल्या हा जिवाणूचा रोग, म्हणून त्यावर बोर्डो मिश्रणासारख्या तांब्याच्या फवारण्यांचा काही ना काही उपयोग होतो. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा रोग, ज्याला काही भागांत हळद्या किंवा केवडा म्हणतात, तो विषाणूचा. विषाणूवर फवारायला काही नाही. शेतकरी रोगट झाडं उपटतात, विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीला आवर घालतात, किंवा रोगाला दाद न देणारं बियाणं लावतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण त्यासाठीच नावाजला गेला.

आणि जिवाणूंनाही विषाणू होतात! त्यांना बॅक्टेरिओफेज, थोडक्यात फेज म्हणतात. १९१७ मध्ये पॅरिसमध्ये फेलिक्स द'एरेल यांनी त्यांना हे नाव दिलं. फेज जिवाणूवर बसतो, आपला डीएनए आत सोडतो, जिवाणूच्याच रायबोसोमकडून आपल्या प्रती करून घेतो आणि शेवटी जिवाणू फोडून बाहेर येतो. मोठ्या डेअऱ्यांना याची धास्ती असते. विरजणाच्या जिवाणूंना फेज लागला तर टाकीभर दूध लागतच नाही. म्हणून तिथे विरजणाचे जिवाणू आलटून पालटून वापरतात: एका प्रकाराला लागणारा फेज सहसा दुसऱ्याला लागत नाही.

फेजचा हाच चोखंदळपणा औषध म्हणूनही वापरता येतो. जॉर्जिया देशात तिबिलिसीला १९२३ पासून यावर काम करणारी संस्था आहे. अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे आता इतर देशांतले डॉक्टरही फेजकडे पुन्हा वळले आहेत. पेशंटच्या जखमेतला जिवाणू आधी वेगळा काढायचा, साठ्यातले एकेक फेज त्यावर टाकून पाहायचे आणि जो त्याला फोडतो तोच पेशंटला द्यायचा, अशी ही पद्धत आहे.